शहराचं पाणी: पिण्यायोग्य करण्यापासून सांडपाण्याच्या पुनर्वापरापर्यंत

क्लोरीन सगळ्यात शेवटी घालतात, पण तो नीट काम करील की नाही हे त्याच्या आधीच्या टाक्यांमध्ये ठरून गेलेलं असतं. गढूळ पाण्यातले कण क्लोरीन खातात आणि जंतूंना आडोसा देतात. अमोनिया त्याला अडकवून ठेवतो. पीएच चढला की त्याची धार जाते. नळाच्या पाण्याला हे जसं लागू आहे तसंच प्रक्रिया करून पुन्हा वापरायच्या सांडपाण्यालाही आहे. म्हणून दोन्ही कामं इथे एकाच ओळीत घेतली आहेत. जिथे हमखास चुका होतात तिथे जास्त सविस्तर लिहिलं आहे: तुरटी, फिल्टर, क्लोरीन, हवेची टाकी आणि पिण्याच्या व पुनर्वापराच्या वाहिन्यांची सरमिसळ.

आधी प्रवाह मोजा

सगळ्या डोसचा हिशेब एका सूत्रावर चालतो. दिवसाला 10 लाख लिटर, म्हणजे 1 एमएलडी पाण्यात 1 मिलिग्रॅम प्रति लिटर डोस द्यायला दिवसाला 1 किलो रसायन लागतं. 20 एमएलडीच्या केंद्रात 35 मिलिग्रॅम तुरटी म्हणजे रोज 700 किलो. 2.5 मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे रोज 50 किलो. आणि तो 25 टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरमधून द्यायचा असेल तर 200 किलो पावडर.

हे गणित खरं तेव्हाच, जेव्हा प्रवाहमापक खरं बोलतो. त्याची पडताळणी टाकी भरून करता येते. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि पातळी 10 मिनिटांत किती चढते ते पट्टीने मोजा. 10 मीटर बाय 10 मीटरच्या टाकीत पातळी 30 सेंटीमीटर चढली तर 10 मिनिटांत 30 घनमीटर आले, म्हणजे तासाला 180 घनमीटर, दिवसाला 4.32 एमएलडी. मीटर यापेक्षा 15 टक्के कमी दाखवत असेल तर प्रत्येक रसायनही तेवढंच कमी पडतंय, मग प्रयोगशाळेतला डोस कितीही बरोबर असो.

तुरटीचा डोस: जार टेस्ट

कच्च्या पाण्याचा गढूळपणा बदलला की जार टेस्ट करायचीच. जोराच्या पावसात तर दर पाळीला. कालचा डोस आज चालवणं ही सर्वात जास्त आढळणारी आणि सर्वात महागात पडणारी सवय आहे.

1. केंद्रात वापरता तीच तुरटी 10 ग्रॅम घ्या आणि ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून 1 लिटर द्रावण करा. याचा 1 मिलिलिटर 1 लिटर पाण्यात घातला की 10 मिलिग्रॅम डोस होतो. प्रयोगशाळेची शुद्ध तुरटी वापरू नका. गोदामातल्या तुरटीची ताकद वेगळी असते.
2. सहा जारमध्ये एक-एक लिटर ताजं कच्चं पाणी घ्या. 1, 2, 3 असं करत 6 मिलिलिटरपर्यंत द्रावण सगळ्या जारमध्ये एकाच वेळी घाला.
3. 1 मिनिट जोरात ढवळा, मिनिटाला 100 फेरे. मग 15 ते 20 मिनिटं सावकाश, 30 ते 40 फेरे. नंतर ढवळणी थांबवून 30 मिनिटं पाणी स्थिर ठेवा.
4. पृष्ठभागाच्या 2-3 सेंटीमीटर खालून पिपेटने नमुना घेऊन गढूळपणा आणि पीएच मोजा.

सगळ्यात नितळ जार निवडण्याचा मोह होतो. निवडायचा तो डोस, ज्याच्यापुढे तुरटी वाढवूनही गढूळपणा फारसा उतरत नाही. त्याच्या बऱ्याच पुढे गेलात तर पाणी पुन्हा गढूळ होऊ लागतं, पीएच पडतो आणि पाण्यात उरलेलं अ‍ॅल्युमिनियम जलवाहिन्यांत जाऊन साचतं.

तुरटीने गढूळ कण एकमेकांना चिकटून होणाऱ्या गुठळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहून खाली बसतच नसतील तर डोस वाढवण्याआधी क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता, तपासा. 1 मिलिग्रॅम तुरटी साधारण 0.5 मिलिग्रॅम क्षारता संपवते. पावसाळी पाण्याची क्षारता 30 असेल आणि डोस 50 असेल तर 25 संपली, 5 उरली. एवढ्यावर पीएच कोसळतो आणि गुठळी धरत नाही. अशा वेळी तुरटी वाढवली की परिस्थिती आणखी बिघडते, आणि नेमकं तेच केलं जातं. निदान 20 क्षारता उरली पाहिजे. 15 ची तूट भरायला साधारण 11 मिलिग्रॅम शुद्ध विरी गेलेला चुना लागतो. बाजारातला चुना कमी शुद्ध असतो, त्या मानाने जास्त घ्या. चुना तुरटीच्या आधी घाला आणि चुन्यासह जार टेस्ट पुन्हा करा.

जारमध्ये छान गुठळी आणि टाकीत नाही, असं झालं तर दोष रसायनाचा नसतो. तुरटीचं द्रावण पाण्याच्या खळखळाटात पडतंय की कडेला, ते पाहा. झटपट मिसळणी पहिल्या काही सेकंदांतच व्हावी लागते. पुढच्या सावकाश ढवळणीची पाती फार वेगात फिरत असतील तर बनलेल्या गुठळ्या तुटतात, आणि एकदा तुटलेली गुठळी पहिल्यासारखी जुळत नाही.

निवळण आणि फिल्टर

निवळण टाकीतून बाहेर पडणारं पाणी 5 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत ठेवायचा प्रयत्न करा, 10 च्या वर जाऊच देऊ नका. तळाचा गाळ वेळापत्रकाने काढा. तो कुजू लागला की वायूचे बुडबुडे त्याला वर आणतात.

जलद वाळूच्या फिल्टरमध्ये 60 ते 75 सेंटीमीटर वाळू असते, तिच्या कणांचा परिणामकारक आकार 0.45 ते 0.7 मिलिमीटर, आणि दर चौरस मीटरमधून तासाला 5 ते 6 घनमीटर पाणी जातं. दाबातली घट 2 मीटरच्या आसपास पोचली, किंवा बाहेरच्या पाण्याचा गढूळपणा चढू लागला, की बॅकवॉश घ्या. दोन्हींपैकी जे आधी होईल ते. आधी हवा, मग साधारण 10 मिनिटं उलटं पाणी, धुवणाचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. हवा चालू असताना फिल्टरच्या काठावर उभं राहून पाहणं हीच खरी तपासणी आहे. सगळीकडे सारखे बुडबुडे हवेत. एकाच जागी जोराची उकळी दिसली तर तिथला नोझल तुटलाय. एखादा कोपरा शांत असेल तर तिथे चिखलाचे गोळे धरलेत आणि पाणी त्यांना बगल देऊन जातंय.

बॅकवॉशनंतर पहिली 15 ते 30 मिनिटं फिल्टरचं पाणी शुद्ध पाण्याच्या टाकीत सोडू नका, ते वाया घालवा किंवा सुरुवातीला परत पाठवा. धुतलेली वाळू लगेच गाळत नाही. तिच्यावर बारीक कणांचा थर पुन्हा बसावा लागतो. प्रत्येक फिल्टरचं पाणी वेगळं मोजा. एकत्र नमुन्यात एका बिघडलेल्या फिल्टरचा दोष बाकीच्यांच्या चांगल्या पाण्यात झाकला जातो.

फिल्टर गंभीरपणे घ्यायचं कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी. नेहमीच्या डोसचा क्लोरीन त्याला मारत नाही, त्याला अडवतो तो फिल्टरच. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका केंद्राच्या गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. म्हणून गाळलेलं पाणी 0.3 एनटीयूच्या आत, शक्य तिथे 0.1 च्या जवळ ठेवावं. 1 एनटीयू डोळ्यांना नितळच दिसतं. मीटरशिवाय हा फरक कळत नाही.

क्लोरीन: किती, किती वेळ, आणि खरंच उरला का

पाण्याची क्लोरीनची भूक रोज बदलते. एकेक लिटरच्या बाटल्यांत 0.5, 1.0, 1.5 असे वाढते डोस द्या, अंधारात 30 मिनिटं ठेवा आणि डीपीडी गोळीने (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारं रसायन) मुक्त, म्हणजे कशातही न अडकलेला, क्लोरीन मोजा. ज्या बाटलीत 30 मिनिटांनंतर निदान 0.5 मिलिग्रॅम उरतो तो आजचा किमान डोस; वाहिन्यांमधली घट धरून त्यावर भर घाला. नळाच्या टोकाला 0.2 मिळालाच पाहिजे.

पीएच 7.5 ला मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा जोमदार रूपात असतो, 8.5 ला जेमतेम दहावा भाग. मीटरवर आकडा तोच, जंतू मारायची ताकद मात्र वेगळी. पीएच 8 च्या वर असेल तर जास्त क्लोरीन किंवा जास्त वेळ द्यावा लागतो.

संपर्क वेळ टाकीच्या आकारावरून काढतात आणि तिथेच फसगत होते. एका तासाचं पाणी मावणाऱ्या टाकीत आडव्या भिंती नसतील तर पाण्याचा पहिला भाग सरळ वाट काढतो, आणि खात्रीचा वेळ 6 मिनिटांइतका कमी धरावा लागतो. त्याच टाकीत पाणी नागमोडी फिरवणाऱ्या चांगल्या भिंती घातल्या तर 40 मिनिटांच्या आसपास मिळतात. नवी टाकी बांधण्याआधी जुनीत भिंती घाला.

डीपीडी चाचणीत दोन खाचखळगे आहेत. मुक्त क्लोरीनचा गुलाबी रंग मिनिटाभरात वाचा. उशीर केला तर क्लोरामाइनही (अमोनियात अडकलेला क्लोरीन) रंग देऊ लागतो. दुसरा जास्त धोक्याचा: क्लोरीन खूपच जास्त असेल तर रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नमुना शून्यासारखा दिसतो. शून्य पाहून डोस वाढवण्याआधी नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा तपासा. आणि वहीत लिहायचा तो मोजलेलाच आकडा. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये 2000 साली सात जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडले. तिथे क्लोरीनचे आकडे न मोजताच लिहिले जात होते, हे चौकशीत उघड झालं.

ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर द्रावण आदल्या टाकीत निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच डोसिंगला घ्या, नाहीतर चुन्याने नळी बुजते. ताज्या पावडरमध्ये 30 टक्क्यांच्या वर क्लोरीन असतो, पण उष्णता आणि दमटपणात तो झपाट्याने उतरतो. म्हणून दर गोणीची ताकद तपासून मगच हिशेब करा. वायूच्या सिलिंडरची गळती अमोनियाच्या बोळ्याने शोधतात, पांढरा धूर दिसतो. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी कधीही मारू नका. ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. हे काम श्वसनयंत्र लावलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या दोन माणसांनीच करायचं.

वाहिन्या

केंद्रातून उत्तम पाणी निघालं तरी वाहिनीतला दाब शून्यावर आला की बाहेरचं घाण पाणी गळतीच्या भोकातूनच आत शिरतं. ठरावीक तासच पाणी सोडणाऱ्या शहरांची ही मोठी अडचण आहे. क्लोरीनचे आकडे नकाशावर मांडा. शेजारच्या भागात 0.6 आणि एका गल्लीत अचानक 0.1 असेल तर त्या दोन बिंदूंच्या मध्ये काहीतरी शिरतंय. गळती शोधायला रात्री 2 ते 4 चा प्रवाह पाहा. तेव्हा वापर सर्वात कमी असतो, त्यामुळे मीटरवर दिसणारं बरंचसं पाणी गळतीचंच असतं.

जंतुचाचणीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलं पाहिजे. ते नसेल तर क्लोरीन प्रयोगशाळेच्या वाटेवरही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

वाहिनी दुरुस्त केल्यावर आधी जोरात पाणी सोडून माती काढा. मग 25 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून 24 तास ठेवा. शेवटी निदान 10 उरला पाहिजे. 200 मिलिमीटर वाहिनीत दर मीटरला सुमारे 31.4 लिटर पाणी मावतं. 300 मीटरला 9,420 लिटर, म्हणजे 235 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 25 टक्क्यांची पावडर साधारण 940 ग्रॅम. हे पाणी तसंच ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. थायोसल्फेटने क्लोरीन मारून सोडा. जंतुचाचणी स्वच्छ आल्यावरच नळांना जोडा.

सांडपाणी: हवेच्या टाकीत काय पाहायचं

पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के गटारातून परत येतं. जाळ्या चिंध्या-प्लास्टिक अडवतात, वाळू टाकीत वेग सेकंदाला 0.3 मीटरच्या जवळ ठेवला की वाळू बसते आणि सेंद्रिय घाण पुढे जाते. या दोन्ही जागा रोज साफ करा, एवढं पुरे.

खरं काम हवेच्या टाकीतले, म्हणजे सांडपाण्यात हवा फुंकली जाते त्या टाकीतले, जिवाणू करतात. त्यांना विरघळलेला ऑक्सिजन 1.5 ते 2 मिलिग्रॅम लागतो. तो ब्लोअरजवळ न मोजता दूरच्या कोपऱ्यात मोजा. रोजची सर्वात उपयोगी चाचणी साधी आहे: टाकीतलं 1 लिटर पाणी मोजपात्रात 30 मिनिटं ठेवा आणि बसलेल्या गाळाची उंची वाचा. 350 मिलिलिटर गाळ बसला आणि टाकीतले घन कण 3,500 मिलिग्रॅम असतील तर 350 गुणिले 1,000 भागिले 3,500, म्हणजे गाळ निर्देशांक 100. 80 ते 150 चांगला. 150 च्या बराच वर गेला की तंतुमय जिवाणू माजले असतात. कारण बहुधा कमी ऑक्सिजन, अन्नाची कमतरता किंवा कुजकट पाणी. गाळ नीट बसून तासा-दोन तासांनी ढेकळांसारखा वर आला तर तो वेगळा प्रकार: तळाशी ऑक्सिजन संपून नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय. त्यावर उपाय गाळ लवकर परत फिरवणं. पांढरा हलका फेस म्हणजे गाळ अजून कोवळा. जाड तपकिरी, तेलकट फेस म्हणजे गाळ म्हातारा झालाय, थोडा काढून टाका.

पुनर्वापर करायचा असेल तर बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरली एवढ्यावर समाधान मानू नका, अमोनिया बघा. अमोनिया नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे गाळाचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी राहतो तो काळ, 8-10 दिवसांच्या खाली गेलं की ते वाहून जातात; थंडीत याहून जास्त वय लागतं. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ते सुमारे 4.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि 7.1 मिलिग्रॅम क्षारता खातात. 40 मिलिग्रॅम अमोनियाला 285 च्या आसपास क्षारता लागते. ती नसेल तर पीएच पडून सगळं थांबतं. हवेच्या टाकीआधी बिनहवेचा कप्पा ठेवून नायट्रेटयुक्त पाणी तिकडे फिरवलं तर यातली जवळपास निम्मी क्षारता परत मिळते आणि वीजही वाचते.

हे जमलं नाही तर शेवटी क्लोरीनवर काय येतं पाहा. मुक्त क्लोरीन दिसायला 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. 10 मिलिग्रॅम अमोनिया उरला तर 80 ते 100 मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे 1 एमएलडीला रोज 80 ते 100 किलो. एवढा डोस कुणी देत नाही. मग पाण्यात फक्त क्लोरामाइन राहतो, आणि फ्लशच्या टाक्यांना वास येऊ लागतो.

पुन्हा वापरण्याआधीची शेवटची प्रक्रिया

निवळलेलं पाणी वाळूच्या फिल्टरमधून किंवा अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या, पडद्यातून गाळा, मग यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश), आणि साठवणीसाठी थोडा क्लोरीन. यूव्हीमध्ये दिव्याइतकंच पाण्याचं पारदर्शकपण महत्त्वाचं असतं. वाळूने गाळलेल्या पाण्यातून 254 नॅनोमीटरचा प्रकाश 1 सेंटीमीटरमध्ये 55 टक्के तरी पार जायला हवा आणि डोस दर चौरस सेंटीमीटरला 100 मिलिज्यूलच्या आसपास लागतो. पडद्यातून गाळलेल्याला 65 टक्के आणि 80 मिलिज्यूल. काचेच्या नळीवर क्षारांचा पापुद्रा बसला की दिवा चालू दिसतो पण उजेड पाण्यात पोचत नाही. सायट्रिक आम्लाने ती पुसा.

कुठे काय चालतं, ते वापरावर ठरतं. बागेला नायट्रोजन-फॉस्फरस उपयोगीच, पण सोडियम जास्त असेल तर माती घट्ट होते. क्षार तपासा आणि फवाऱ्यापेक्षा ठिबक बरं. फ्लशला अमोनिया आणि रंग नको, आणि साठवण एका दिवसापेक्षा लांबवू नका. कूलिंग टॉवरमध्ये अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो, फॉस्फेट थर बसवतं. बॉयलरला उलट परासरण (आरओ) लागतंच. त्यात 75 ते 85 टक्के पाणी हाती येतं, उरलेल्या खारट पाण्याची सोय आधी ठरवा. पिण्यासाठीही हे होतं: नामिबियातलं विंडहोक 1968 पासून करतंय, सिंगापूरचं न्यूवॉटर 2003 मध्ये सुरू झालं. मात्र विंडहोकमध्ये कारखान्यांचं सांडपाणी मुळातच वेगळं काढलेलं असतं, आणि तशी विभागणी नसलेल्या शहराने त्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन वाहिन्या कधीही भेटता कामा नयेत

28 नोव्हेंबर 2007 ला फिनलंडमधल्या नोकिया शहरात सांडपाणी केंद्रातल्या दोन वाहिन्यांच्या जोडावरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला. सुमारे 450 घनमीटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी पिण्याच्या वाहिन्यांत गेलं आणि हजारो लोक आजारी पडले. बंद व्हॉल्व्हवर विसंबून ठेवलेला जोड म्हणजे जोडच. कधी ना कधी तो उघडतो.

पुनर्वापराच्या टाकीला पिण्याच्या पाण्याने भर द्यायची असेल तर नळाचं तोंड टाकीच्या ओसंडण्याच्या पातळीपेक्षा नळाच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर ठेवा, निदान 25 मिलिमीटर. नळाला जोडलेली पाइप टाकीत बुडवली की ही सगळी सोय फुकट गेली. पुनर्वापराच्या वाहिनीला वेगळा रंग, बऱ्याच देशांत जांभळा, आणि 'पिण्यायोग्य नाही' हा मजकूर ठरावीक अंतरावर हवा. उघड्यावरच्या नळांना चावीशिवाय न उघडणारी तोंडं लावा.

इमारत वापरात येण्याआधी आणि नंतर दरवर्षी ही चाचणी करा:

1. दोन्ही वाहिन्या चालू ठेवून प्रत्येक नळ, फ्लश आणि फवारा यादीत लिहा.
2. पिण्याच्या पाण्याची वाहिनी बंद करून तिचा दाब उतरवा. पुनर्वापराची चालू ठेवा. तासाभरात पिण्याच्या एकाही नळातून पाणी आलं नाही पाहिजे.
3. उलट करा: पुनर्वापराची बंद, पिण्याची चालू. फ्लशमध्ये पाणी आलं तर जोड आहे.
4. शंका उरलीच तर पुनर्वापराच्या टाकीत खाद्यरंग घालून पाहा, किंवा दोन्हींची विद्युतवाहकता मोजा. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात क्षार जास्त असल्याने फरक लगेच दिसतो.

जोड सापडला तर पुनर्वापराची वाहिनी मूळ टाकीपाशीच बंद करा आणि रहिवाशांना त्याच क्षणी नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगा. अहवालाची वाट पाहू नका. जोड कापून दोन्ही टोकं टोपी लावून बंद करा, तिथे व्हॉल्व्ह बसवून भागवू नका. पिण्याची वाहिनी आणि टाक्या रिकाम्या करून धुवा, वर दिल्याप्रमाणे 24 तास क्लोरीन ठेवा, पुन्हा धुवा आणि लागोपाठ दोन दिवसांचे जंतुनमुने स्वच्छ आल्यावरच नळ खुले करा. त्यानंतर पहिल्या क्रमांकापासून संपूर्ण चाचणी परत घ्या, कारण एक चुकीचा जोड करणाऱ्याने त्याच इमारतीत दुसराही केलेला असू शकतो.